सायकलीचे सुटे भाग: शिक्का पाहावा की माप?

श्रोतेहो, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात चकलांबा हे आमचे गाव. जमीन काळी, बांधावर बाभळी आणि वस्त्या गावापासून लांब लांब. शाळेच्या वेळी रस्त्याला लागा, म्हणजे पाठीला दप्तर अडकवून सायकली दामटीत येणारी मुले-मुली तुम्हाला दिसतील. त्यांत जुनी काळी सायकल आता क्वचितच. जिकडे तिकडे जाड टायरची, सरळ दांडीच्या हँडलची, डोंगरी घाटाची सायकल. आमची मुले तिला ‘रेंजर’ म्हणतात. खरे म्हणजे हे हीरो कंपनीच्या एका सायकलीचे नाव. पण मुलांच्या तोंडी ते साऱ्या जातीलाच चिकटले. नावाचा महिमा असा असतो!

आजचा विषय या नावाचाच आहे. परवा एक शेतकरी गृहस्थ मला सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर भेटले. मुलीच्या सायकलीचे ब्रेक गेले होते. मला पाहून म्हणाले, “गुरुजी, तुम्हीच सांगा. दुकानदार म्हनतो कंपनीचा माल घ्या. त्याला पैसे जास्त. दुसरा साधा बी हाय. साधा घेतला तर चालंल का? का पोरगीला पाडंल?”

प्रश्न साधा, पण किती मोलाचा! ‘पोरगीला पाडंल का’ या तीन शब्दांत साऱ्या विषयाचे सार आहे. पैसे वाचवायचे आहेत, आणि लेकरू सुखरूप घरी यायचे आहे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे आज आपण पाहू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. सायकलीच्या दांडीवर ज्या कंपनीचे नाव असते, तिने सगळी सायकल आपल्या हाताने घडवलेली नसते. सांगाडा एकाचा, साखळी दुसऱ्याची, टायर तिसऱ्याचे, फ्रीव्हील चौथ्याचे, असा तो संसार असतो. पंजाबातले लुधियाना हे शहर या धंद्याचे माहेरघर. तेथे मोठ्या कारखान्यांच्या जोडीला छोटे छोटे कारखाने आहेत. कोणी फक्त पायडल करतो, कोणी फक्त आरे. म्हणजे आपण ‘अमुक कंपनीची सायकल’ म्हणतो, तेव्हाच ती दहा कंपन्यांची असते. मग एक भाग बदलताना दुसऱ्या नावाचा बसवला, तर आभाळ कोसळत नाही.

डोंगरी सायकलीचा तर जन्मच अशा भेसळीतून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मरीन नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथली तरुण मंडळी १९७० नंतरच्या काळात जुन्यापुराण्या, दणकट सांगाड्याच्या सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट खाली येत. १९७६ साली त्यांनी एका उतारावर शर्यत सुरू केली. उतार इतका कडक, की मागच्या चाकातल्या ब्रेकचे वंगण जळून जाई, आणि खाली आल्यावर हब उघडून त्यात पुन्हा वंगण भरावे लागे. त्यावरून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ म्हणजे ‘पुन्हा भरा’ असे पडले! या मंडळींनी काय केले? सांगाडा एका कंपनीचा, ब्रेकची मूठ मोटारसायकलची, गिअर तिसऱ्याच सायकलीचे, असे जमवून आपली सायकल उभी केली. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवा सांगाडा बनवला. १९८२ साली शिमानो या जपानी कंपनीने डोंगरी सायकलीसाठी ‘देओरे एक्सटी’ नावाचा सुट्या भागांचा पूर्ण संच बाजारात आणला. म्हणजे आधी काम, मग माल, आणि नाव सगळ्यांच्या शेवटी.

आपल्या मुलखातही हेच घडले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढले. तेव्हा ते दुसऱ्यांच्या नावाच्या सायकली विकत. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला. पण लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. नांगर चालला, जमीन चांगली उलटली, तेव्हा कुठे त्या नावाला किंमत आली. नाव हे असे कमवावे लागते. ते मालाच्या मागून येते, पुढून नाही.

मग नावाला काहीच अर्थ नाही काय? तसेही नाही. बैलाचे उदाहरण घ्या. खिल्लार म्हटला, देवणी म्हटला, लाल कंधारी म्हटला, की निम्मे काम होते. जातीची खूण आपल्याला सांगते की या बैलाकडून साधारण काय अपेक्षा ठेवावी. पण म्हणून कोणी शहाणा शेतकरी जात ऐकून दावे हातात घेतो काय? तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. सुट्या भागाचे नाव म्हणजे बैलाची जात. ती ऐकावी, पण दात पाहिल्यावाचून सौदा करू नये.

सायकलीचे दात म्हणजे काय, ते आता पाहू.

पहिले माप. नाव कितीही मोठे असो, माप चुकले की माल फुकट. हा धडा मी स्वतःच्या खिशातून शिकलो आहे. मुलीच्या सायकलीचे मागचे टायर फाटले. मी तालुक्याला गेलो आणि मोठ्या नावाचे, चांगले दमदार २६ इंची टायर घेऊन आलो. घरी आणून चढवतो तो काय, टायर रिंगवर ढिले पडते! दोन्ही २६ इंची, मग असे कसे? चूक माझीच होती. २६ इंची म्हणून विकली जाणारी टायरे एका मापाची नसतात. डोंगरी सायकलीचे २६ × १.९५ टायर ज्या रिंगवर बसते, तिचा बैठकीचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो. साध्या सायकलीच्या २६ × १ ३/८ टायरचा तोच व्यास ५९० मिलिमीटर असतो. म्हणजे ३१ मिलिमीटरचा फरक. जुन्या काळ्या २८ × १ १/२ सायकलीचा व्यास ६३५ असतो. टायरच्या बाजूवर आडव्या रेघेने जोडलेले दोन आकडे छापलेले असतात. त्यातला तीन अंकी आकडा हा व्यास. जुन्या टायरवरचा तो आकडा कागदावर लिहून न्या. दुकानात नाव विचारण्याआधी आकडा विचारा.

असेच आऱ्यांचे. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे असत. डोंगरी सायकलीच्या चाकाला बहुधा ३६ असतात. रिंग बदलायची तर हबची भोके मोजा. हब ३६ चा आणि रिंग ४० ची आणली, तर जगातला कोणताही शिक्का ती जोडून देणार नाही.

उलट काही भागांची मापे फार पूर्वीच ठरून गेली आहेत, आणि तिथे नावाची अडचण येत नाही. साखळीच्या दोन पिनांमधले अंतर सर्वत्र अर्धा इंच. साध्या पेचाच्या फ्रीव्हीलचा पेच बहुतेक सायकलींना सारखाच. पायडलचा पेचही मोठ्यांच्या बहुतेक सायकलींना सारखा. फक्त डावे पायडल उलट्या पेचाचे असते, हे विसरू नका. पुष्कळांनी ते सुलट्या बाजूने दामटून क्रँकचा पेच खराब करून घेतला आहे.

दुसरा दात म्हणजे धातू. चकचकीत, आरशासारखी रिंग बहुधा पोलादाची असते. दिसायला देखणी, पण पावसात भिजली की तिच्यावरून ब्रेकचे रबर घसरते, आणि सायकल थांबायला पुष्कळ जास्त जागा लागते. ॲल्युमिनियमची रिंग दिसायला साधी, पण ओल्यातही ब्रेक चांगला धरते. आता ही ओळखायची कशी? शिक्षक बंधू-भगिनींनो, हे तुमच्या वर्गातले काम आहे. प्रयोगपेटीतला लोहचुंबक रिंगला लावा. चिकटला तर पोलाद, न चिकटला तर ॲल्युमिनियम. चुंबकाला कंपनीचे नाव वाचता येत नाही, म्हणूनच त्याची साक्ष खरी!

तिसरा दात म्हणजे झीज. साखळी तुटेपर्यंत वापरायची आणि तुटली की कंपनीची नवी टाकायची, अशी आपली रीत. ही रीत महागात पडते. साखळी वापराने लांबते. ती मोजायला शाळेतली १२ इंची पट्टी पुरे. साखळी ताणून धरा. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मधोमध ठेवा. साखळी नवी असेल, तर २४ वी पुढची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती पिन इंचाच्या सोळाव्या हिश्शाइतकी पुढे गेली, तर साखळी बदलायची वेळ झाली. आठव्या हिश्शाइतकी गेली, तर समजा की साखळीने फ्रीव्हीलचे दातही खाल्ले. अशा झिजलेल्या दातांवर नवी साखळी टाकली, तर जोर लावताच ती दात सोडून उडते. मग लोक साखळीच्या कंपनीला शिव्या देतात! दोष कंपनीचा नाही, वेळेवर पट्टी न लावणाऱ्याचा आहे. पट्टी वेळेवर लावली, तर साखळीच्या पैशात फ्रीव्हील वाचते.

आता ज्या ठिकाणी नावाला खरोखर वजन आहे, त्या ठिकाणांकडे येऊ.

पहिले ठिकाण गिअरचे. हातातली गिअरची कळ दर खटक्याला ठराविक लांबीची तार ओढते, आणि मागचा गिअर त्या तारेच्या हिशोबाने साखळी एका दातेरी चक्रावरून दुसरीवर नेतो. शिमानो आणि अमेरिकेतील स्रॅम या कंपन्यांचा हा तारेचा हिशोब वेगवेगळा आहे. त्यामुळे एकीची कळ आणि दुसरीचा मागचा गिअर सहसा जुळत नाहीत. साखळी मध्येच अडखळत राहते. इथे ‘एकाच घराण्यातली सोयरीक’ करावी हे उत्तम. तेव्हा नाव मोठे म्हणून पाहायचे नाही, जोडी जुळावी म्हणून पाहायचे.

आणि एका नावाखालीही सगळा माल एका प्रतीचा नसतो. शिमानो ही १९२१ साली जपानात साकाई येथे निघालेली कंपनी. तिचा पहिला माल म्हणजे साधे फ्रीव्हील. आज डोंगरी सायकलींसाठी ती ‘टूर्नी’ नावाचा अगदी स्वस्त गिअर करते आणि ‘एक्सटीआर’ नावाचा शर्यतीचा अतिमहाग गिअरही करते. दोहोंवर शिक्का एकच. दुकानदार म्हणाला, “गिअर शिमानोचा आहे,” तर ते खरे असेल, पण विचारा, “कोणत्या पायरीचा?” शाळेला येण्या-जाण्याला खालच्या पायरीचाही पुरतो. फक्त खालच्या पायरीसाठी वरच्या पायरीचे पैसे मोजू नका.

दुसरे ठिकाण तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकचे. काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये मिनरल तेल असते, काहींच्या ब्रेकमध्ये डॉट नावाचे वेगळे तेल. एकात दुसरे घातले, तर आतली रबरी कडी फुगतात किंवा खराब होतात, आणि ऐन उतारावर मूठ हातात सैल येते. इथे ब्रेकवर जे लिहिले असेल तेच तेल घालावे. अंदाज नको.

तिसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे: पुढचा चिमटा, हँडलची खुंटी, क्रँक आणि ब्रेकची तार. हे भाग मोडले की माणूस तोंडावर पडतो. यांचे पोलाद कसे आहे, सांधा पक्का आहे की नाही, हे तुम्हा-आम्हाला डोळ्यांनी दिसत नाही. जिथे पारख आपल्या हाती नाही आणि चुकीची शिक्षा लेकराला आहे, तिथे जबाबदार नाव घ्यावे आणि पैसे मोजावेत. नाव म्हणजे तरी काय? उद्या काही झाले तर ज्याचे दार ठोठावता येईल, असा पत्ता.

म्हणून माझा नियम असा. जे तुम्हाला पट्टीने, चुंबकाने, हाताने तपासता येते, त्यात नाव पाहू नका: सीट, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, मुठी, पायडल. जे तपासता येत नाही आणि मोडल्यास पाडते, त्यात नाव पाहा. टायर, साखळी आणि ब्रेकचे रबर यांत आधी माप आणि प्रत पाहा, मग नाव. रबर नखाने दाबून पाहा. दगडासारखे कडक असेल, तर नाव कोणतेही असो, परत ठेवा.

पण नावावर विसंबताना दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, चांगल्या नावाची नक्कल होते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! अक्षरात एखादा काना-मात्रा बदललेला, वेष्टनाची छपाई पुसट, आणि दुकानदार पावती द्यायला का कू करतो, तर समजून जा. पावतीशिवाय नावाचे पैसे देऊ नका, कारण पावतीवाचून नाव नुसते शाईचे. आयएसआय खूण असेल, तर तिच्याबरोबर सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईलमधल्या सोयीवर तो क्रमांक घालून परवाना कोणाचा आहे ते पाहता येते. गावातल्या कोणाही शिकलेल्या मुलाला हे पाच मिनिटांत जमेल. मात्र सायकलीच्या प्रत्येक भागावर ही खूण असतेच असे नाही.

दोन, नाव टिकते आणि कारखाना बदलतो. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता, बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा. दोन्ही कंपन्या डबघाईला आल्या आणि १९८० साली कायदा करून सरकारने त्या ताब्यात घेतल्या. ॲटलस सायकल हे केवढे घरोघरचे नाव. तिचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. इंग्लंडात रॅले कंपनीने नॉटिंगहॅममधले सायकल बनवण्याचे काम २००२ साली थांबवले, पण रॅले नाव विकले जातच आहे. तेव्हा ‘आमच्या आजोबांची सायकल याच कंपनीची होती’ एवढ्यावर आजचा माल घेऊ नये. आजोबांची सायकल ज्या हातांनी घडवली, ते हात आता तिथे नाहीत.

आता थोडे शॉकअपविषयी. मुलांना स्प्रिंगचा चिमटा फार आवडतो. पण स्वस्त सायकलीतला स्प्रिंगचा चिमटा जड असतो, त्यात चिखल-धूळ शिरते, आणि काही महिन्यांत तो नुसता खडखडतो. ओझे मात्र रोज ओढावे लागते. मुलगी पाच किलोमीटरवरून येत असेल, तर ते ओझे तिच्या पायांवर आहे. शॉकअपचे पैसे वाचवून ॲल्युमिनियमची रिंग आणि चांगले ब्रेक घ्या.

हा हिशोब विशेषतः मुलींच्या पालकांनी करावा. मागास ठरलेल्या तालुक्यांत राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. २०२२ साली ही रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. रक्कम मोजकीच आहे. ती दांडीवरच्या रंगीत अक्षरांत घालवायची की ब्रेकमध्ये घालायची, हे आपण ठरवायचे. ब्रेक गेला म्हणून सायकल भिंतीला टेकली, आणि सायकल टेकली म्हणून मुलीची शाळा सुटली, असे होता कामा नये.

शेवटी, कोणत्याही नावापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे निगा. काळे, जळालेले इंजिन ऑइल साखळीला चोपडू नका. त्याने धूळ चिकटते आणि साखळी कानशीसारखी दात घासते. फडक्याने साखळी पुसा, पातळ तेलाचे थेंब टाका, वरचे तेल पुन्हा पुसून घ्या. ब्रेक कुरकुरतो म्हणून रिंगला किंवा डिस्कच्या तबकडीला तेल कधीही लावू नका. कुरकुर थांबेल, पण सायकलही थांबणार नाही! पावसाळ्यात मडगार्डमध्ये अडकलेली काळी माती काडीने काढा. टायरात रुतलेले बाभळीचे काटे दर रविवारी पाहून उपटा. शाळेत महिन्यातून एक तास ‘सायकल तपासणी’चा ठेवला, तर पट्टी, चुंबक आणि फडके एवढ्या सामानात विज्ञान, गणित आणि श्रमदान तिन्ही साधतील.

त्या गृहस्थांना मी काय सांगितले, ते सांगून थांबतो. मी म्हणालो, “अण्णा, तार नावाजलेली घ्या आणि पावती घ्या. रबर मापाचे नि मऊ पाहून घ्या. घंटी बाजारात मिळेल ती चालेल.” त्यांनी तसेच केले. कारागिराने तार ओढून बसवली. मग त्यांनी मुलीला सायकलीवर बसवून समोरच्या रस्त्यावर एक फेरी मारायला लावली, आणि मोठ्याने म्हणाले, “आता दाब बरं!” मुलीने मूठ दाबली, सायकल जागच्या जागी थांबली.

श्रोतेहो, तुम्हीही तेच करा. माल कोणत्याही नावाचा घ्या, पण दुकानासमोर एकदा ‘आता दाब बरं’ म्हटल्याशिवाय घरी जाऊ नका.